नानांच्या गाडीचा आवाज

गेले काही महिने आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत रोज संध्याकाळी साडेपाचला लिलाव पुकारला जायचा. "एक वार," असा खणखणीत आवाज यायचा आणि पाठोपाठ लोखंडी धप्प. "दोन वार." पुन्हा धप्प. गल्ली हातातलं काम थांबवायची. "तीन वार." धप्प, आणि मग शांतता. भाजीवाला हातगाडी पुढं ढकलायचा, आणि रंगनाथनाना किकवरचा पाय काढून कपाळ पुसायचे.

नाना माझे शेजारी. सगळी नोकरी त्यांनी वैजापूरच्या बाजारात कांद्याचे लिलाव पुकारण्यात घालवली. तिसऱ्या वारानंतर बोली नाही, हा तिथला रिवाज, म्हणून गाडीला किकही तीनच. चौथी मारून तर बघा, असं मी एकदा सुचवलं. "मास्तर, तीन वार झाले की झाले," म्हणाले आणि गाडी उद्यावर टाकली. मी शाळेत गणित शिकवतो, पण नानांपुढं माझं गणित चालत नाही.

गाडी म्हणजे दोन सायलेन्सरची जुनी मोटारसायकल. जी किकची दांडी, तीच गिअरची. मुलानं कार घेतल्यापासून ती अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. गेल्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी अचानक ताडपत्री ओढून काढली आणि पुढच्या भाऊबीजेला करमाडच्या बहिणीकडं हिच्यावरच जाणार, असं जाहीर केलं. यंत्राचं ज्ञान म्हणाल तर आयुष्यात सायकलची चेन तेवढी बसवलेली. तरी आठवडाभरात इंजिन ओसरीवर, टाकी पलंगाखाली आणि हँडल देव्हाऱ्याशेजारी येऊन बसलं. काकू रोज हँडललाही हळदकुंकू लावू लागल्या. म्हणाल्या, निदान देवाला तरी दया येईल.

नटबोल्टांची प्रतवारी नानांनी बाजाराच्या पद्धतीनं केली. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या: मोठा, मध्यम, गोल्टी. गोल्टी म्हणजे बारका कांदा. एकदा आमच्या घरातलं जिरं संपलं, काकूंनी घाईत डबा चुकवला आणि आमच्याकडं गोल्टी आली. वॉशर फोडणीत तडतडत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

हळूहळू गाडीला आकार आला, रोजचे तीन वार सुरू झाले, पण रूप काही येईना. टाकीला पोचा तसाच, रंगाचे पोपडे तसेच. जुन्या गाड्यांचा शौक असलेले दोघं तरुण बघायला आले आणि आधी रंग, पॉलिश करून घ्या म्हणाले. नानांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. "दिसण्याचं काय घेऊन बसलेत. ही ऐकायची वस्तू हाय," असं ते मला म्हणाले. हे वाक्य त्यांनी वर्षभरात इतक्या वेळा ऐकवलं की म्हाताऱ्याचा चळ म्हणून मी ते सोडून दिलं.

दिवाळी आठ दिवसांवर आली आणि एका संध्याकाळी तिसऱ्या वाराला गाडी चालू झाली. डाव्या सायलेन्सरला गंजून बोटभर भोक पडलेलं, त्यातून असा काही फटफटाट निघाला की गल्लीतली कुत्री गच्चीवर गेली. नानांनी डोळे मिटले, मान तिरकी केली. व्हय, हाच, पण जरा दबलाय, म्हणाले. सायलेन्सरमधली काजळी साफ करून आणायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं.

मी पडलो हौशी. काजळी काढलीच, शिवाय वेल्डिंगवाल्याकडून ते भोकही बुजवून, वरून घासून चकचकीत करून आणलं. म्हटलं, शेजारधर्म. दुसऱ्या दिवशी पहिल्याच वाराला गाडी चालू झाली आणि एखाद्या सालस सुनेसारखी हळू बोलू लागली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. नानांनी गाडी बंद केली आणि पायरीवर बसून राहिले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "मास्तर, माझ्या आक्काची नजर गेली. काचबिंदू. आधी मी वेशीत शिरलो की आवाजावरूनच ती चहा टाकायची. गेल्या भाऊबीजेला पोराच्या कारमधून उतरलो, तिच्याम्होरं जाऊन उभा राहिलो, तर तिनं इचारलं, कोण?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर ज्याला मी चळ म्हणत होतो, तो हा होता. आणि भोकही मीच बुजवलं होतं.

उरलेले दिवस आम्ही दोघांनी भोक पाडण्यात घालवले. नाना ड्रिल मारायचे, गाडी चालू करायचे, डोळे मिटायचे, नाय म्हणायचे, आणि मी कानस घेऊन कडा घासायचो. धनत्रयोदशी गेली, पाडवा आला. पाडव्याच्या दुपारी नानांनी डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. मी घाबरून हलवलं, तर म्हणाले, राहू द्या, ऐकतोय.

भाऊबीजेला मागच्या सीटवर मी होतो. रस्त्यात बंद पडली तर ढकलायला कुणीतरी हवं, असं काकूंचं म्हणणं. जालना रोडवर शेजारून जाणारे आमच्याकडं वळून वळून बघत होते. करमाडच्या वेशीत शिरल्यावर नानांनी हॉर्नसुद्धा दिला नाही. शेवटच्या चढावर गाडी धापा टाकत वर आली आणि घरासमोर थांबली. नाना मुद्दाम गप्प उभे राहिले.

आक्का दारातच उभी होती, चौकटीला धरून. मागं सून ओवाळणीचं ताट घेऊन. आक्कानं तोंड आमच्या दिशेनं वळवलं.

"रंग्या, लई उशीर केलास. चहा निवला. आन् मागं कोणाला बसवून आणलंस? चढावर गाडी दमली."

नाना पुढं गेले आणि त्यांनी तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं त्यांच्या केसांवरून हात फिरवला आणि पुन्हा माझ्याकडं तोंड केलं.

"आन् तू कोण रं बाबा?"

मी शेजारचा मास्तर, असं सांगितलं. या वर्षी तो प्रश्न माझ्या वाट्याला आला होता.