कुजबुजणाऱ्या घराची पुस्तिका

भेटताईंची पुस्तिका अजून छापायलाही गेली नव्हती, पण त्यांनी मनातल्या मनात तिच्या चाळीस प्रती वाटूनही टाकल्या होत्या. देश सोडून आलेल्या कुटुंबांच्या घरी जायचं आणि तान्ह्या मुलांशी कसं बोलावं, कसं खेळावं हे दाखवायचं, हे त्यांचं काम. ज्याच्या घरी जायचं त्याच्या रीतीनं वागायचं, हा त्यांचा हट्ट. एका घरी तीन महिन्यांत सहा भेटी देऊन त्यांनी तिथल्या सगळ्या रीती टिपल्या होत्या. आज सातव्या भेटीला कचेरीतल्या मोठ्या बाई स्वतः येत होत्या. त्यांना पटलं, की पुस्तिका मंजूर आणि चाळीस घरांना लागू!

"बघालच तुम्ही," जिना चढताना भेटताई म्हणाल्या. "दुधात साखर विरघळावी तशी विरघळलेय मी त्या घरात."

मोठ्या बाईंनी दोनदा दार वाजवलं. आतून पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. दार काही उघडेना.

"रीत पहिली," भेटताई खुशीत म्हणाल्या. "तिसऱ्यांदा वाजवल्याशिवाय उघडत नाहीत." त्यांनी वाजवलं आणि दार ताडकन उघडलं.

आत आजी, सूनबाई आणि दीड वर्षांची नात. खोलीत एकही खुर्ची नव्हती. भेटताईंनी ऐटीत फरशीवर मांडी घातली. मोठ्या बाईंचे गुडघे कुरकुरले, पण रीत म्हटल्यावर त्याही बसल्या.

"आता हळू हं," भेटताई कुजबुजल्या. "हे लोक मुलांसमोर आवाज चढवत नाहीत. रीत तिसरी."

नातीनं ठोकळ्यावर ठोकळा ठेवला. भेटताई "शाब्बास" कुजबुजल्या, सूनबाई कुजबुजल्या, आजी त्यांच्या भाषेत कुजबुजल्या. पोरीनंही नुसते ओठ हलवले. घरात कुणी आजारी माणूस झोपलाय असं वाटत होतं.

मोठ्या बाईंना कुजबुजणं जन्मात जमलं नव्हतं. "ही मोठ्यानं बोलते का कधी?" त्यांनी सूनबाईंना खणखणीत विचारलं.

सूनबाई दचकल्या. "मोठ्यानं बोललं तर चालतं तुमच्याकडे?"

"न चालायला काय झालं?"

"ताई पहिल्या दिवशी कुजबुजतच आल्या. आम्हाला वाटलं, इथे मुलांसमोर असंच बोलतात. हिला सवय लागावी म्हणून आम्ही दिवसभर तसंच बोलतो."

भेटताईंना पहिला दिवस आठवला. त्या दिवशी त्यांचा घसा बसला होता.

"आणि दार?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तेव्हा सासूबाईंना किल्ली सापडेना. ताईंनी तीनदा वाजवलं. मग वाटलं, त्याआधी उघडणं बरं दिसत नसेल."

"खुर्च्या?"

"ताई आल्या आल्या खालीच बसल्या. पाहुणी खाली आणि आपण सोफ्यावर, हे शोभतं का? खुर्च्या, सोफा, सगळं वरच्या शेजाऱ्यांकडे ठेवलंय. सासूबाईंच्या गुडघ्यांनी जीव नको केलाय."

भेटताई खाली बसल्या होत्या त्या, ही मंडळी खालीच बसत असतील अशा समजुतीनं.

सूनबाईंनी कपाटातून वही काढली. भेटताईंकडे बघून आजींनी लिहवून घेतलेल्या या देशातल्या रीती! मोठ्या बाईंनी वही आणि भेटताईंची हस्तलिखित पुस्तिका शेजारी शेजारी ठेवली, सूनबाईंकडून एकेक ओळ समजून घेतली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

भेटताईंना मात्र हसू येईना. त्यांनी नोंदीत लिहिलं होतं, 'मूल शांत. घरच्या रीतीला धरून.' तीन महिने या पोरीच्या कानावर घरातला मोकळा आवाज पडला नव्हता, आणि तो आपल्यामुळे! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सूनबाईंनी आजींना सगळं समजावलं. आजी भिंतीला धरून उठल्या, दार उघडून जिन्यात गेल्या आणि त्यांनी वरच्या मजल्याकडे सोफ्यासाठी अशी हाक ठोकली, की अख्खी इमारत दारात आली. नात ठोकळा हातात धरून बघत राहिली. मग तिनं मान वर केली आणि थेट आजीच्या चालीत, आजीच्याच आवाजात आरोळी दिली. आजींनी लगबगीनं येऊन तिला उचललं. हसत होत्या की रडत होत्या, त्यांनाच ठाऊक.

"मी फाडून टाकते ही पुस्तिका," भेटताईंनी डोळे पुसले.

"फाडू नका. नाव तेवढं बदला," मोठ्या बाई म्हणाल्या. "'भेटताईंच्या घरच्या रीती' असं घाला. पुढच्या घरी टिपण्याआधी विचारायचं. आणि आता मला हात द्या, उठवत नाहीये."

"हो, बाई," भेटताई म्हणाल्या. तेही कुजबुजतच.