तानूबाईची वेस

शेवटच्या दिवशी सकाळी मी शिडी धरून उभा होतो आणि माझी बायको तानूबाई वर चढून पिंपळाशी भांडत होती.

"आलास व्हय परत? दुसरी जागा गावली न्हाय? चल, उतर खाली!"

पिंपळ म्हणजे बोटभर रोप, आमच्या गावाच्या वेशीत उगवलेलं. पण ती वेस बघाच एकदा. चिऱ्याला चिरा असा बसवलाय की सुरीचं पातं जायचं नाही. कृष्णेचा पूर कमानीला टेकून माघारी गेला, एक दगड हलला नाही. पिंपळाचं बी मात्र कुठनं शिरतं, देव जाणे.

जुन्या इमारती बघत फिरणारे एक साहेब एकदा म्हणाले होते, "आजी, मूळ जाडावलं की चिरे सुटतात. कोवळं असतानाच काढा." साहेब गेले. हिनं ते धरून ठेवलं.

गावात पिंपळाला कोण हात लावत नाही. वंश बुडतो म्हणतात. सरपंच खालनं ओरडायचा, "काकू, पाप लागंल!"

"लागू दे की! माझ्या नावावर लिव!"

उपटलेलं रोप टाकायची नाही. तेलाच्या डब्यात लावायची. पावणं आलं की चहाच्या आधी हातात डबा. "वढ्याकाठी लावा. घराजवळ नगं." पुढं पुढं पावणं आमचं घर टाळून जायला लागले आणि अंगणात डबे साठत गेले.

कंबरेला कायम चुन्याची डबी. वर गेल्यावरसुद्धा हिला तंबाखू लागते म्हणून मी हसायचो. "अगं, गुडघे बघ तुझे, मी चढतो," म्हटलं की खेकसायची, "तुमी गप शिडी धरा!"

त्या शेवटच्या दिवशी कमानीच्या टोकाला एक रोप राहिलं. "उद्या बघते ह्याच्याकडं," म्हणाली. दुपारी भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही.

मसणातनं परत आल्यावर सरपंच शेजारी बसला. एवढा दांडगा गडी, रडत होता.

"काका, मी एकदा म्हटलं हुतं, काकू, मी काढतो. तर म्हणाली, 'तुला लेकरं हायती, तू हात लावू नगंस. मला कुठं हायती?' "

"लेकरं मला तरी कुठं हायती? मग मला का चढू दिलं न्हाय?"

"त्येबी इचारलं मी. म्हणाली, 'वंश म्हणून त्यो म्हातारा तेवढा हाय मला.' "



दुसऱ्या दिवशी सकाळी तिची डबी घेतली, शिडी वेशीला टेकवली आणि चढलो. खालनं कधी दिसलं नव्हतं. जिथनं जिथनं तिनं रोप काढलं होतं, तिथं तिथं चुना भरून बोटानं दाबला होता. सगळ्या कमानीवर तिची बोटं.

मग ते राहिलेलं रोप मुळासकट काढलं. चुना भरला, दाबला. खाली येऊन रोप डब्यात लावलं.

दिवसभर पावणं भेटायला येत होते. एकालाही डब्याशिवाय सोडलं नाही.