फीअख्राचे आजोबा

नेपरव्हिलमध्ये मे महिन्यात दाराची बेल वाजली आणि बाहेर खांबेटे पेढ्यांचा डबा घेऊन उभे दिसले, की समजावं, त्यांच्या नातवाचं नाव यंदाही यादीत आलेलं नाही.

यादीत नाव आलं म्हणून पेढे वाटणारे मी पुष्कळ पाहिले. बत्तीस वर्षं नाशिकला शाळेत मराठी शिकवत होते. पण नाव आलं नाही म्हणून पेढे वाटणारा हा एकच गृहस्थ. इथलं अमेरिकन सरकार दरवर्षी एक यादी काढतं, आदल्या वर्षी जन्मलेल्या किती मुलांना कोणतं नाव ठेवलं त्याची, क्रमवारीने. देशभरात पाचांहून कमी मुलांना ठेवलेलं नाव त्या यादीत येतच नाही. खांबेट्यांच्या नातवाचं नाव फीअख्रा. आयरिश लोकांच्या जुन्या गेलिक भाषेतलं. ते यादीत नसतं, आणि त्याचा आनंद खांबेट्यांच्या पोटात मावत नाही.

"वहिनी, यंदाही नाही," असं म्हणून ते पेढा हातावर ठेवतात. मग डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगावं, तसा आवाज खाली आणून म्हणतात, "तुमचा विहान मात्र वर सरकलाय."

तो पेढा मला कधी गोड लागला नाही.

विहान माझा नातू. त्याच्या वर्गात तीन विहान आहेत, त्यामुळे बाई त्याला 'विहान बी' म्हणतात. एखाद्या सदनिकेचा नंबर असावा तसं. खरं तर सूनबाईंना दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी वहीत चाळीस नावं लिहून आणली होती, अर्थासकट. पहिलंच होतं निशिकांत. मुलगा म्हणाला, "आई, इथे त्याचं 'निशी कान्ट' करतील. म्हणजे निशीला काहीच जमत नाही." दोघं हसली. वही माझ्या बॅगेत परत गेली. आमचे हे म्हणाले, "नाव काही का असेना, पोरगं जेवतंय ना?" ह्यांना कुठल्याच गोष्टीचा हेवा वाटत नाही. घरातला सगळा हेवा माझ्याच वाट्याला आलाय.

खांबेटे मूळचे सांगलीचे. चाळीस वर्षांपूर्वी इथे आले, पुलांची डिझाइनं केली, निवृत्त झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून एकटे राहतात. एकुलती एक मुलगी, अदिती, दूर पूर्वेला मेन राज्यात असते. तिने आयरिश घराण्यातल्या मुलाशी लग्न केलंय, एवढं आम्हाला माहीत होतं.

इथल्या मराठी मंडळाच्या जेवणाला नवीन जोडपं आलं, की खांबेटे त्यांच्या ताटासमोर जाऊन उभे राहतात. नाव विचारतात, गाव विचारतात, आणि पाचव्या मिनिटाला म्हणतात, "म्हणा बघू, फीअख्रा." त्याचं स्पेलिंग विचित्र आहे, वाचणारा हमखास 'फियाच्रा' म्हणतो. मग ते गळ्यावर बोट ठेवून दाखवतात. "च नाही हो. ख. इथून. घसा खाकरायच्या आधी येतो तो ख." पुरी हातात धरून चांगले शिकलेसवरलेले इंजिनियर घसा खाकरत बसलेले मी पाहिलेत. मनासारखा ख आल्याशिवाय ते कुणाला श्रीखंडापर्यंत जाऊ देत नाहीत. नाव आलं, की पुढे त्याचा महिमा. "महिमा बघा, महिमा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या नावाच्या आयर्लंडच्या एका जुन्या संताला बागवानांचा कैवारी मानतात म्हणे. हे कळल्यापासून त्यांनी मागच्या अंगणात मेथी लावली. तीही जुडीच्या जुडी आली. माझी मेथी सशांनी खाल्ली.

हळूहळू बायका त्यांना नावं विचारायला लागल्या. केतकी नावाची गोड मुलगी आहे इथे, तिला सातवा महिना होता. एकदा माझ्याशेजारी बसून म्हणाली, "काकू, एक चांगलं नाव सुचवायचं होतं." मी पर्समध्ये हात घातला. वही मी बरोबर ठेवते. तेवढ्यात ती म्हणाली, "म्हणजे, खांबेटेकाकांचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

त्या दिवशी मी ठरवलं, ह्या माणसाची एकदा जिरवायची.

घरी येऊन फोनवर शोधलं. फीअख्रा हे नाव ज्या शब्दावरून आलं, त्याचा अर्थ कावळा. मला इतका आनंद झाला की मी चहा दोनदा केला. गणपतीच्या जेवणात, चाळीस माणसं पानावर असताना, मी अगदी साध्या आवाजात विचारलं, की भाऊजी, तुमच्या नातवाच्या नावाचा अर्थ कावळा ना हो?

खांबेट्यांनी वरणाची वाटी खाली ठेवली. "डोमकावळा, वहिनी. साधा कावळा नव्हे. ह्याचा आकार मोठा, बुद्धी मोठी." आणि मग जरा थांबून, "शिवाय माझी एक काळजी मिटली. माझ्या पिंडाला शिवायला घरचाच कावळा आहे."

सगळे इतके हसले की केतकीला ठसका लागला. एकटी मी हसले नाही. नंतर लोक महिनाभर एकमेकांना तो विनोद सांगत होते, आणि प्रश्न मी विचारला होता हे कुणाच्या लक्षातही नव्हतं.

पण घरी येताना गाडीत मला एक गोष्ट सुचली. नातू चार वर्षांचा झाला आणि आम्ही एकाने तरी त्याचा फोटो पाहिलाय का? विहानचे फोटो मी न मागता दाखवते. खांबेट्यांचा फोन मात्र फोटोचा विषय निघाला, की नेमका चार्ज नसायचा. नातू मेनहून कधी आला नाही, हेही कधी गेले नाहीत. माझ्या मनात पक्कं झालं, की नातू वगैरे काही नाही. नाव तेवढं पुस्तकातून काढलंय. आता हे उघडं पाडायचं.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी सकाळी मी चकल्यांचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. डबा निमित्ताला. ते मला बघून खूश झाले, चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले. मी दिवाणखान्यातल्या भिंती बघून घेतल्या. फोटो नाही. मग स्वयंपाकघरात गेले. फ्रिजवर एकच कागद लावलेला होता. ईमेलचा प्रिंट. त्यावर एक ओळ: 'मुलगा झाला. फीअख्रा. आम्ही दोघं बरी आहोत. अदिती.'

म्हणजे नातू होता.

"भाऊजी, फोटो कुठेय ह्याचा?" मी विचारलं. आवाजात जे काही होतं ते त्यांना कळलं असावं. त्यांनी गॅस बारीक केला.

"मी त्याला पाहिलेलं नाही, वहिनी."

मग चहा उकळून आटला तरी ते सांगत राहिले. अदितीचं लग्न त्यांना पसंत नव्हतं. ते लग्नाला गेले नाहीत. अडीच वर्षं बोलणं नव्हतं, आणि मग ही ईमेल आली. तिने आपणहून लिहिलेली. त्यांनी ती वाचली आणि तिथल्या तिथे उत्तर पाठवलं: 'हे कसलं नाव?'

"एवढंच लिहिलं?" मी म्हटलं.

"एवढंच. त्यानंतर तिचं काही आलं नाही." ते ओट्याकडे बघत होते. "हे कसलं नाव, ते चार वर्षं शोधतोय. त्याला काय आवडतं, तो कुणासारखा दिसतो, मला काही ठाऊक नाही. मला त्याचं नावच तेवढं आलंय. म्हटलं, निदान ते तरी नीट समजून घ्यावं."

मी खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांचा किती हेवा केला होता. मंडळात, पंगतीत, माझ्या मेथीच्या वाफ्यासमोर उभी राहून. आणि माझा विहान रोज सकाळी चॉकलेट सिरियलने भरलेलं तोंड माझ्या पदराला पुसतो.

"फोन करा," मी म्हटलं.

ते म्हणाले की आता काय तोंडाने करू. मी म्हटलं, ज्या तोंडाने चाळीस माणसांना ख शिकवता त्याच. ते नाही म्हणत राहिले, पण मी शिक्षिका आहे, समोरचा माणूस उत्तर देईपर्यंत उभी राहू शकते. शेवटी त्यांनी नंबर लावला. तो त्यांना पाठ होता. फोन ओट्यावर ठेवून त्यांनी स्पीकर चालू केला.

चौथ्या रिंगला कुणीतरी उचलला. खूप खुडबुड झाली. मग एक बारीक, मोठ्या तोऱ्यातला आवाज आला. "मम्मी इज इन द शॉवर. हू इज धिस?"

खांबेट्यांनी माझ्याकडे पाहिलं. गावभर ज्याचं नाव सांगत फिरले तो पलीकडे होता, आणि आपण कोण हे त्यांना सांगता येईना. मी ओठांनी 'आजोबा, आजोबा' करत होते. त्यांनी मान हलवली. आपल्याला तसं म्हणायला अजून परवानगी नाही, असं काहीतरी त्या मान हलवण्यात होतं.

"खांबेटे," ते म्हणाले. "माय नेम इज खांबेटे."

"ओके," तो म्हणाला, आणि त्याने बाथरूमच्या दिशेने, दार फुटेल अशा आवाजात ओरडून सांगितलं, की मम्मी, खांबेटे आलाय फोनवर. मग तो परत फोनकडे वळला आणि आपल्याकडे एक गोगलगाय आहे, तिला काकडी आवडते, गाजर आवडत नाही, हे सांगायला लागला. खांबेटे ओट्याला टेकून, फोनवर वाकून, "येस... येस... रिअली?" करत होते. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी ओट्यावर पडत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

तेवढ्यात पलीकडून दार उघडल्याचा आवाज आला. ओल्या पायांचा आवाज आला. एक बाई मराठीत म्हणाली, "बाबा?"

मी उठले, चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता बाहेर पडले.

घरी आले तर विहान गालिच्यावर पालथा पडून टॅबलेट बघत होता. मी त्याच्याजवळ बसले आणि त्याला विचारलं, की तुला गोगलगाय आवडते का रे. तो मान वर न करता म्हणाला, "आजी, नॉट नाऊ."

खोटं कशाला सांगू, मला खांबेट्यांचा पुन्हा हेवा वाटला.