तौर सरांचं यमकाशी वाकडं

तौर सरांशी बोलताना त्यांच्या उजव्या हाताकडे बघू नये. त्या हाताची पाचही बोटं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, एकामागून एक मांडीवर नाहीतर टेबलावर टेकत असतात. करंगळी टेकली की पुन्हा अंगठा. नवा माणूस बिचकतो. त्याला वाटतं, हे आपल्या चुका मोजून राह्यलेत.

सर चुका मोजत नाहीत, ठेके मोजतात. परतूरच्या कॉलेजात मी भूगोल शिकवतो, सर इंग्रजी शिकवायचे. घरं शेजारीशेजारी, मधे एक बुटकी भिंत. या भिंतीवरून सरांनी मला वीस वर्षांत जेवढं ब्लँक व्हर्स शिकवलं, तेवढा भूगोल मी विद्यार्थ्यांना शिकवला असेन की नाही, शंका आहे.

ब्लँक व्हर्स म्हणजे इंग्रजी कवितेतली बिनयमकाची ओळ. एक अक्षर हळू, एक जोरात, अशा पाच जोड्या. इंग्रजांची जुनी नाटकं याच चालीत चालतात. राजा बोलतो याच्यात, खुनी बोलतो याच्यात, पण ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस साधंच बोलतोय. सर म्हणायचे, "देवानं एका हाताला पाचच बोटं का दिली? एका ओळीसाठी." यमक का नको, यावरही त्यांचं उत्तर ठरलेलं. "यमक म्हणजे बैलाच्या गळ्यातली घंटी. घंटी काढली म्हणून बैल थांबतो का? पाय बराबर पडतच राहतात."

हे पोरांना कळावं म्हणून त्यांनी एकदा अख्खा वर्ग मैदानावर काढला. डावा पाय हळू, उजवा जोरात, पाच जोड्या झाल्या की वळायचं. पोरं धूळ उडवत तासभर इंग्रजी नाटक चालत होती. खेळाचे सर प्राचार्यांकडे तक्रार घेऊन गेले, की माझ्या मैदानावर हे कवायत घेऊन राह्यलेत आणि तीही चुकीची.

एका पोरानं परीक्षेत 'ब्लँक व्हर्सवर टीप लिहा' या प्रश्नाखाली पान कोरं सोडलं. सरांनी त्याला अर्धा गुण दिला. शेरा लिहिला : यमक नाही, हे बरोबर.

यमकाचा मात्र त्यांना खरोखरचा राग होता. ट्रकमागे शेर लिहिलेला दिसला की ते स्कूटर बाजूला घेऊन ट्रक नजरेआड होईपर्यंत थांबत. लग्नपत्रिकेत लहान मुलांच्या नावानं जुळवलेल्या ओळी असल्या, तर आहेर पाठवत, स्वतः जात नसत. मोंढ्यात मात्र मुद्दाम जात. तिथं धान्याचा लिलाव पुकारणाऱ्याच्या बाजूला उभे राहून बोटं टेकवत आणि घरी येऊन मला सांगत, की हा माणूस रोज सकाळी काव्य करून राह्यला आणि त्याला पत्ता न्हाई.

माझ्या धाकट्या भावाचं, विलासचं लग्न ठरलं तेव्हा मी पत्रिकेतून यमकं आधीच काढून टाकली. सर आणि त्यांच्या घरच्या काकू दोघंही येणार म्हणाले. मुलगी पिंपळगाव रेणुकाईची, नाव पल्लवी. सगळं सुरळीत होतं, पण लग्नाला आठ दिवस राहिले आणि विलास अडून बसला. म्हणाला, लग्न करतो, पण घास भरवताना उखाणा घेणार नाही. कुणी फार आग्रह केला तर ताटावरून उठेन.

विलास लहानपणापासून अडखळतो. दुकानात गिऱ्हाइकांशी कसंबसं निभावतो, पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की घामाघूम. त्यात 'प' हे त्याचं सगळ्यात अवघड अक्षर, आणि आम्ही नेमकी पल्लवी शोधलेली. आई त्याला समजावून थकली होती. मी म्हणालो, दोन ओळी पाठ कर की, सगळेच करतात. तो माझ्याशी बोलेनासा झाला.

हे चालू असताना सर सकाळी वाचायला नेलेला पेपर परत द्यायला आले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि मला चहा सांगायला आत पाठवलं. मी आत गेलो, पण कान बाहेर. बराच वेळ काहीच ऐकू येईना, म्हणून दारातून डोकावलो.

सर विलाससमोर उभे होते. दोन्ही हात पँटच्या खिशात घातलेले. आणि ते बोलत होते, म्हणजे बोलायचा प्रयत्न करत होते. "म... म... मी... ब... ब..." मान ताठ, डोळे मिटलेले, ओठ एकाच जागी अडलेले. मला वाटलं, त्यांना काही झालं. मी पुढे होणार, तेवढ्यात त्यांनी हात खिशातून काढला, बोटं मांडीवर टेकवली आणि वाक्य सरळ चालू लागलं.

वीस वर्षं मी त्यांचा शेजारी. मला याची कल्पना नव्हती.

त्यांनी विलासला सांगितलं, की शाळेत त्यांना कविता म्हणायला उभं करायचे तेव्हा यमक आलं की घात व्हायचा. "पुढचा शब्द सगळ्यांना आधीच माहीत असतो. सारा वर्ग तोंडाकडं बघून राह्यलेला. तो शब्द अडला की दुसरा घेता येत न्हाई. बिनयमकात तसं न्हाई. एक अडला, दुसरा घ्या. कुणाला कळत न्हाई." कॉलेजात इंग्रजी नाटकाची ओळ पहिल्यांदा बोटांवर म्हटली आणि ती शेवटपर्यंत गेली. तेव्हापासून बोटं थांबवली नाहीत.

विलासनं विचारलं, की नाव तर बदलता येत नाही, त्याचं काय. सरांनी पाचही बोटं त्याच्यासमोर धरली. म्हणाले, नावाला चार पावलं चालत जायचं, पाचव्याला ते आपोआप येतं.

सात दिवस दोघं सरांच्या अंगणात फेऱ्या घालत होते. आई भिंतीवरून बघायची आणि देवाला हात जोडायची.

पिंपळगावच्या मंडपात घास भरवायची वेळ झाली आणि करवल्यांनी विलासला घेरलं. त्यानं बोटं ताटाच्या कडेवर ठेवली. मी खाली बघत होतो.

"रस्ता लांब होता, ऊन होतं डोक्यावर,
झाड दिसलं एक, सावलीत थांबलो.
पाणी दिलं तिनं, नाव विचारलं,
तेच घेऊन आज निघालो, पल्लवी."

कुठंही अडलं नाही. पल्लवी मान वर करून त्याच्याकडे बघत राहिली. पोरी मात्र घास हातात धरून पुढच्या ओळीची वाट बघत होत्या. नवरीच्या मावशी म्हणाल्या, हे काही जुळलं न्हाई, अर्धंच झालं. सर पंगतीतून म्हणाले, पुरं झालं. मग मावशींनी सरांनाच धरलं, की तुम्ही गुरू दिसता, तर मंग काकूंचं नाव घेऊन दाखवा.

काकू बायकांच्या पंगतीत बसल्या होत्या. सर उठले. मला वाटलं, हे आता तास घेतील. त्यांनी बोटं मांडीवर टेकवली.

"घर एकच आहे चौतीस वर्षं झाली,
बोलत राहिलो मी, ऐकत राहिली..."

पुढचा शब्द आला नाही. अंगठ्यावर बोटं थांबली. "क... क..." सरांचे डोळे मिटले. कुणीतरी पोरगं हसलं, तर विलासनं मान वळवून त्याच्याकडे असं बघितलं, की ते गप्प बसलं. काकूंचं नाव तिथल्या दहा बायकांना माहीत होतं. त्यांच्या शेजारणीनं सांगायला तोंड उघडलं, तर काकूंनी तिचं मनगट धरलं. त्या सरांकडे बघत होत्या, घाई नसलेल्या माणसासारख्या.

"क... क... कुसुम," सर म्हणाले, आणि खाली बसले.

परतीच्या जीपमध्ये सर पुढच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होते. माझ्या मनाला ते लागून राहिलं होतं. मी मागे काकूंना हळूच म्हणालो, की तुम्ही नाव सांगून टाकायला हवं होतं, उगाच सगळ्यांसमोर त्यांचे हाल झाले.

काकूंनी पदर नीट केला.

"घरात मला हाक म्हणजे 'अगं, ऐकलं का', एवढंच. नाव कधी घेतलंच न्हाई त्यांनी, आणि का घेत न्हाईत ते मला पहिल्या वर्षीच कळल्तं," त्या म्हणाल्या. "आज घेतलं. आणि भाऊ, माझं नाव घ्यायला एवढा वेळ कुणीच दिला नव्हता."