बरं हाय म्हणून सुट्टी

रोग बरा झाला की नाही, हे खुद्द रोग्यापेक्षा जास्त कोणाला कळणार? या थोर तत्त्वावर नवीन जालन्यातल्या एका दवाखान्याचा कारभार चालतो. बाकीचे दवाखाने रक्त काढतात, छातीचे फोटो काढतात, उगीच माणसाला छळतात. इथे मोठे डॉक्टर सकाळी पलंगापाशी येऊन विचारतात, "काय आजी, बरं हाय का?" आजी म्हणते, "बरं हाय." झाली सुट्टी. (पुढचा पेशंट बाहेर स्ट्रेचरवर ताटकळत असतो, तो निव्वळ योगायोग.) सदर पद्धतीने शंभरातले अठ्ठ्याण्णव पेशंट बरे होतात. उरलेले दोन बेशुद्ध असल्याने उत्तर देत नाहीत. त्यांच्यावर मात्र नाइलाजाने उपचार करावे लागतात.

पिंपळगाव रेणुकाईच्या चांगुणाबाई छातीत कफ दाटून इथे दाखल झाल्या. संडासापर्यंत जायचं तरी भिंत धरत, थांबत जायच्या. पण डॉक्टरांनी विचारलं तसं म्हणाल्या, "बरं हाय."

लेक मोनाली मधे पडली. "साहेब, दम लागून राह्यला तिला. चालवून तर बघा."

"पेशंट स्वतः सांगतायत ना?" डॉक्टर म्हणाले. तरी मन मोठं, म्हणून एक दिवस वाढवून दिला.

मोनालीने मग आईची शिकवणीच घेतली. "उद्या इचारलं की दम लागतो म्हण. म्हणून दाखव बरं."

"अगं, एवढा मोठा माणूस उशाशी येऊन इचारतो, अन् त्याच्यापुढं रडगाणं गाऊ? बिलकुल न्हाई."

"मंग मर अशीच, रीतभात पाळून!" मोनाली म्हणाली आणि तोंड फिरवून रडली. ते पाहून आईने कबूल केलं.

सकाळी डॉक्टर आले, प्रश्न झाला. चांगुणाबाईंनी लेकीकडे पाहिलं, श्वास घेतला, तो काही पुरता आला नाही. "बरं हाय, साहेब. तुमीच लई वाळलात बघा. येळेवर जेवत जा." डॉक्टर गहिवरले. इतका बरा पेशंट त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

झाली सुट्टी. गावाकडे निघालेली जीप राजूरला पोचेस्तोवर चांगुणाबाईंचे ओठ निळे पडले. मोनालीने जीप तिथूनच माघारी फिरवली. (दवाखान्याने त्यांना नवीन पेशंट म्हणून दाखल केलं, बरे होण्याची टक्केवारी शाबूत राहिली.)

नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लागला, तेवढ्यात पुण्याहून थोरल्या लेकाचा, नागसेनचा फोन आला. मोनाली नको नको म्हणत असताना चांगुणाबाईंनी मास्क बाजूला केला.

"आई, बरी हायस ना?"

"बरी हाय. तू... जेवलास का?"

"हो. मंग ठेवतो, मीटिंग हाय."

नागसेन डॉक्टरकी शिकलेला नाही. तरी पद्धत त्याने बरोबर पाळली.

तर वाचकहो, डॉक्टरला आणि नागसेनला शिव्या घालून झाल्या असतील, तर एक विचारू? परवा तुम्ही आईला फोन केला होता. बरी आहे म्हणाली ना? मग काय, दिलीत तुम्हीही सुट्टी.