जिमला 'नाही' म्हणता येत नव्हतं

जिमला सगळंच "वंडरफुल" वाटायचं. अंबरनाथची धूळ वंडरफुल, कॅन्टीनचा चहा वंडरफुल. नळाला पाणी नसलं की बादलीतल्या तांब्याभर पाण्यात आंघोळ, तीसुद्धा वंडरफुल. एकदा त्याच्या पायावर लोखंडी झाकण पडलं. नख काळंनिळं झालेलं. डॉक्टरांनी विचारलं, "दुखतंय का?" तर हा घामाघूम होऊन म्हणतो, "फाइन, थँक यू. हाऊ आर यू?"

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात होतो. भागीदारी जर्मन कंपनीची, त्यामुळे डोक्यावर बाउमान नावाचे जर्मन साहेब, आणि मशिनं बसवून माल तपासायला त्यांनी आणलेला हा अमेरिकन. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बदलापूरच्या पलीकडे भातशेती करणाऱ्या बापाचा मुलगा. गोऱ्या माणसापुढे मान खाली घालायची नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलेलं. पण जिमने माझी पंचाईत केली. साहेब म्हटलं की तोच चिडायचा. "कॉल मी जिम!" म्हणून तो जिम. बाउमानसाहेबांना मात्र साहेबच म्हणायचो. त्यांच्याकडे बघून दुसरं काही तोंडातून निघत नसे.

बाउमानसाहेब तोंडावर बोलायचे. माझा नवा शर्ट बघून म्हणाले, "हा रंग तुम्हाला शोभत नाही." मला काही वाटलं नाही. आमच्या गावात माणसं असंच बोलतात. 'काळा पडलास', 'वाळलास', 'अजून लग्न नाही?' हे आमच्याकडे स्वागत असतं. जिमचं तसं नव्हतं. साहेबांनी "तुमचा रिपोर्ट वाईट आहे" म्हटलं की त्याचं जेवणावरून मन उडायचं.

त्यातून दोघांचा मुक्काम एकाच बंगल्यात, शिवमंदिराच्या बाजूला. साहेब वर, जिम खाली. साहेबांचे नियम असे की दुपारी एक ते तीन आवाज नाही, सुट्टीच्या दिवशी खिळा ठोकायचा नाही, गाडी धुवायची नाही. जिमला शीळ घालायची खोड. "मी माझ्या घरात शीळ घालणार!" असं तो मला तावातावाने सांगायचा, आणि एक वाजला की निमूटपणे बाहेर पडून ओढ्याकाठी शेळ्यांपुढे शीळ घालायचा.

साहेबांचा वाढदिवस सुट्टीच्या दिवशी आला, म्हणून जिमने आदल्या दिवशीच उल्हासनगरहून केक आणला आणि ऑफिसात टाळ्या वाजवून गाणं सुरू केलं. साहेब उभे राहिले. "माझा वाढदिवस उद्या आहे. आमच्याकडे आधी शुभेच्छा देणं अशुभ असतं. शिवाय केक ज्याचा वाढदिवस त्याने आणायचा." आणि बसले. केक आम्ही खाल्ला. जिम दिवसभर म्हणत होता, "मी वाटेल त्याला, वाटेल तेव्हा शुभेच्छा देणार. कोण अडवतो बघू!"

खरी भानगड मालाची होती. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका वर्कशॉपमधून आमच्याकडे पत्र्याची झाकणं यायची. डब्यावर बसवली की ढिली, डुगडुगणारी. माल परत पाठवायचा अधिकार जिमचा. तो तिथे जायचा आणि झाकण हातात घेऊन म्हणायचा, "ग्रेट जॉब!" वर टाळ्या वाजवायचा. इकडे साहेब तीच झाकणं जमिनीवर आपटायचे.

शेवटी साहेबांनी त्याला माझ्यासमोरच सांगितलं, "डिसेंबरमध्ये तुमचा करार संपतो. वाईट मालाला वाईट म्हणता आलं तर राहा, नाहीतर घरी जा."

जिमला घरी जायचं नव्हतं. का, ते तो सांगत नसे. पण त्या दिवसापासून तो माझ्या मागे लागला. "मला शिकव. तुम्ही लोक कसं बोलता?"

पहिला धडा कॅन्टीनमध्ये. मी म्हटलं, "सांग, चहा पाणचट आहे." जिम लालबुंद झाला, पण बोलला. कॅन्टीनचे गणपतकाका म्हणाले, "मग अमेरिकेतून मागव की!" आणि त्याच्या कपात आणखी चहा ओतून निघून गेले.

"तो रागावला?" जिमने विचारलं.

"नाही."

"मग ओरडला का?"

"बोलले. ओरडले असते तर तू इथे बसला नसतास."

आठवडाभराने आम्ही कॅम्प चारला गेलो. वर्कशॉपच्या शेठने खुर्ची पुसून दिली. "आओ साईं! माल कैसा है?" जिमच्या तोंडात 'वंडरफुल' आलेलं मला दिसत होतं. मी मुद्दाम रस्त्याकडे बघत राहिलो. जिमने झाकण उचललं, डब्यावर ठेवलं, हलवून दाखवलं आणि म्हणाला, "बॅड. व्हेरी बॅड. वापस."

शेठ कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे बाबा, इतने दिन क्यों नहीं बोला? तुम तो हर बार ताली बजाता था! मैं समझा तुमको ढीला ही मंगता है!" साचा दुरुस्त करायला त्याने तिथल्या तिथे कारागिराला हाक मारली आणि आम्हाला लस्सी पाजली.

परतताना जिम ते ढिलं झाकण हातात फिरवत बसला. मला वाटलं, फुशारकी मारेल. तसं काही नाही.

नवी झाकणं घट्ट बसली. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं, करारावर सही केली आणि कागद जिमपुढे सरकवला. "आता तुमचा उपयोग आहे. नाताळची रजा घ्या, तिकीट कंपनी देईल. कधी निघता?"

"नाही जाणार."

"का? घरी कोण आहे?"

असं कोणी विचारतं का? पण साहेबांनी विचारलं. आधीचा जिम 'फॅमिली इज वंडरफुल' म्हणून सुटला असता.

"कोणी नाही," जिम म्हणाला. "घरी मी एकदाच खरं बोललो होतो. त्यानंतर घर राहिलं नाही. मला वाटायचं, वाईट बोललं की माणसं निघून जातात."

साहेबांनी टोपण काढलेलं पेन तसंच हातात धरलं होतं. मला राहवलं नाही. म्हटलं, "नाताळला आमच्याकडे ये, गावी."

जिमने मान ताठ केली. "कीव येऊन बोलावत असशील तर येणार नाही."

"कीव येतेच आहे. पण खळ्यावर भाताची झोडणी चालू आहे आणि माणसं कमी पडतायत. आई तुला दिवसभर राबवेल आणि काम चुकलं तर शिव्या देईल."

"मग येतो."

आम्ही उठलो. दाराशी पोचलो तेव्हा मागून बाउमानसाहेबांचा आवाज आला. तोच, हुकमाचा.

"आणखी एक माणूस लागेल का?"

वळून पाहिलं तर ते खिडकीबाहेर बघत होते.

"लागेल," माझ्याआधी जिमच म्हणाला.