जलविहारमधली म्हैस

"मावशी, दूध राहू द्या, आधी हे बघा!" उस्मानपुऱ्यातल्या रत्नमालावहिनींनी दार उघडल्या उघडल्या मोबाइल मंजुळाबाईंच्या नाकासमोर धरला.

मोबाइलमध्ये एक म्हैस डुंबत होती. निळ्याशार फरशीचा हौद, काचेसारखं पाणी, काठावर रंगीत छत्र्या आणि पाण्याच्या मधोमध ती, नाक तेवढं वर ठेवून, माहेरपणाला आल्यासारखी पसरलेली. शेजारी एक रबरी बदक तरंगत होतं. कुणा रसिकाने या देखाव्याला सनईचे सूर जोडले होते.

मंजुळाबाईंनी दुधाची कॅन खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावून खदखदून हसल्या.

"आगं बया! कुणाची म्हणायची ही भवानी?"

"कुणाला ठाऊक! तासाभरापासून सगळ्या ग्रुपवर फिरतेय. माझ्या बहिणीने पुण्याहून पाठवली मला. आपल्याच शहरातली आहे म्हणे."

"मालकाला काही लाज हाय का नाय? जनावर सोडून कुठं उलथलाय मेला?"

तेवढ्यात मोबाइलमधल्या म्हशीने मान वळवली. एक शिंग आकाशाकडे, दुसरं गालाकडे झुकलेलं. कपाळावर पांढरा टिळा. गळ्यात जुन्या साडीच्या जांभळ्या काठाचा कंठा. तो कंठा मंजुळाबाईंनी पोळ्याला स्वतःच्या हाताने शिवला होता. त्यांचं हसू जिथल्या तिथे थिजलं.

"वहिनी, ही तर आमची ठकी!"

त्यांनी कमरेचा मोबाइल काढून नवऱ्याला फोन लावला. मल्हारराव फोनवर आले तेच हसत.

"कुठं हाव तुम्ही?"

"माळावर. मंजुळे, लई गंमत हाय बघ. मोबाइलवर एक म्हैस आलीय, अन् ती मोठ्या लोकांच्या हौदात..."

"आपली म्हैस कुठंय?"

"हाय की. माझ्या मागंच चरायलीय."

"जरा मागं वळून बघा."

फोनमधून आधी 'ठके, ठके' अशा हाका ऐकू आल्या. मग मल्हाररावांचा आवाज आला, पण आता त्यात जीव नव्हता.

"मंजुळे, इथं दावं हाय."

"अन् दाव्याला?"

"दाव्याला काय नाय."

म्हशीला तरी बोल कसा लावायचा? सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. बीड बायपासच्या पलीकडे त्यांची वाडी. वाडीच्या तळ्याला उन्हाळ्याआधीच भेगा पडल्या होत्या. चारापाण्याअभावी मेंढरं विकावी लागली, एक ठकी तेवढी राहिली. दोन उन्हाळे ठकीचं अंग पाण्याला लागलं नव्हतं. आणि वाडीच्या उशालाच, जिथे कालपरवापर्यंत ज्वारी डुलायची, तिथे बारा मजली 'जलविहार हाइट्स' उभी राहिली होती. तिच्या नावाची अब्रू राखायला रोज टँकर येत. ठकी गेली असणार ती तिथेच.

मंजुळाबाईंना धास्ती पडली ती मात्र वेगळ्याच कारणाने. त्या जलविहारच्या फाटकावर त्यांचा भाचा अजिनाथ नुकताच वॉचमन म्हणून लागला होता. त्याच्या अंगावरचा गणवेश बघूनच सिल्लोडच्या पाहुण्यांनी मुलगी द्यायचं कबूल केलं होतं. लग्न पुढच्या महिन्यावर आलेलं. गणवेश गेला की सोयरीकही गेली!

दूध वहिनींच्या पातेल्यात ओतून त्या धावतच रस्त्यावर आल्या आणि समोर दिसेल त्या रिक्षात बसल्या.

"मावशी, वो भैंस देखी क्या?" रिक्षावाल्याने वळूनही न बघता विचारलं. "क्या मजे में पडी हय! नवाब के माफिक!"

"बघितली बाबा. तू जरा जोरात हाण."

"आपकू भी उसकूच देखने जाना हय?"

"माझीच हाय ती!"

रिक्षावाल्याने असा ब्रेक मारला की मागच्या स्कूटरवाल्याचं नाक रिक्षाच्या टपाला लागलं. आधी रिक्षावाल्याने मंजुळाबाईंसोबत एक फोटो काढला. मग रिक्षा अशी सुटली की शहरातले खड्डेसुद्धा बाजूला सरले असावेत. प्रत्येक सिग्नलला तो डोकं बाहेर काढून ओरडायचा, "भैंसवाली मेरी रिक्षा में हय! असलीवाली!" लगेच चहूबाजूंनी मोबाइल पुढे यायचे. मंजुळाबाईंनी आधी तोंड पदरात लपवलं. तिसऱ्या सिग्नलला मात्र पदर नीट करून कपाळावरचं कुंकू चाचपून पाहिलं. फोटो निघणारच असेल तर निदान बरा तरी निघावा.

जलविहारच्या फाटकावर जत्रा भरली होती. फुगेवाला आला होता, उसाच्या रसाचा गाडा आला होता. अजिनाथ टोपी हातात घेऊन उभा होता.

"आत्या, म्या काय मुद्दाम नाय केलं. टँकरसाठी फाटक उघडलं, तर ही टँकरच्या मागंमागं आत शिरली. मला वाटलं टँकरबरोबरच आलीय."

"आरं, टँकरबरोबर म्हैस कशाला यील?"

"टँकरला रोजच काय काय चिकटून येतंय आत्या, म्या काय काय इचारू?"

खरा घोटाळा पुढेच होता. त्या दिवशी स्विमिंग पूलचं उद्घाटन होतं. सोसायटीचे सेक्रेटरी काकासाहेब नवी कोरी हाफपँट घालून, हातात कात्री घेऊन उभे असताना ठकी रांगोळीवरून आली, लाल फितीतून आरपार गेली आणि सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरली. फितीचा तुकडा अजूनही तिच्या वरच्या शिंगाला लोंबत होता.

हे काकासाहेब मूळचे इथलेच जमीनदार. बिल्डरला जमीन दिली आणि त्याच जमिनीवर, पण बाराव्या मजल्यावर राहायला गेले. पूल ही त्यांची हौस. त्यांचा चेहरा आता फितीसारखाच लाल झाला होता.

"बाई, ही म्हैस तुमची?"

"व्हय साहेब."

"मग काढा बाहेर! आधी काढा, मग बोलतो."

"त्यात काय येवढं? माझ्या एका हाकंवर येती ती. बघाच तुम्ही."

गर्दी पुढे सरकली. मोबाइल वर झाले. मंजुळाबाईंनी कमरेवर हात ठेवून साद घातली, "ठकेऽऽ! ये माझी बाय! हिंयोऽऽ!"

ठकीने डोळे किलकिले करून मालकिणीकडे पाहिलं. ओळख नसल्यासारखी मान फिरवली आणि आणखी थोडी खोल पाण्यात गेली.

गर्दी खो खो हसली. 'म्हशीने मालकिणीला ओळखच दाखवली नाही' हा दुसरा व्हिडिओ मंजुळाबाई तिथून हलायच्या आत पार लष्करी छावणीपर्यंत पोचला. रोज पहाटे जिची धार काढली तिने चारचौघांत असं करावं! मंजुळाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतक्यात धापा टाकत मल्हारराव आले, सरकीच्या ढेपेची पाटी डोक्यावर घेऊन. "बोलून कुठं जनावर येतंय? पोटाची भाषा पायजे," असं म्हणत त्यांनी पाटी काठावर ठेवली. ठकी डौलात काठाशी आली. सगळी ढेप तिने शांतपणे संपवली, पाटी चाटून पुसून लख्ख केली आणि तोंड धुवायला म्हणून परत मध्यभागी गेली. तिसरा व्हिडिओ झाला.

काकासाहेबांचा संयम सुटला. "अजिनाथ! उद्यापासून कामावर येऊ नकोस. आणि त्या प्लंबरला सांग, खालची तोटी सोड. पाणी गेलं की ही बया आपोआप बाहेर येईल."

"अवो, पण पानी जाईल कुठं?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"कुठे म्हणजे? नाल्यात!"

आता मात्र मंजुळाबाईंचं भान सुटलं. भाच्याची नोकरी गेली होती, म्हशीने तोंडघशी पाडलं होतं, आता गमावण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"नाल्यात? आमच्या वाडीत बाया घागरीसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटायल्या, अन् तुम्ही हे नाल्यात सोडणार? आवो, म्हैस डुंबली म्हणून पानी बाटलं व्हय? तुमचे आजे-पणजे म्हशीसंगच डुंबले असतील की!"

"बरोबर आहे!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. आणि त्याच क्षणी एक माइक काकासाहेबांच्या हनुवटीला येऊन टेकला. माइकच्या दुसऱ्या टोकाला मोनिका नावाची एका स्थानिक वाहिनीची चुणचुणीत बातमीदार होती.

"सर, आपण लाइव्ह आहोत. शहराला आठवड्यातून एकदा पाणी मिळतंय. मग एवढं पाणी इथे आलं कुठून, कशासाठी आलं आणि आता चाललंय कुठे?"

काकासाहेबांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग सभासदांकडे पाहिलं, तर सभासद आकाशाकडे बघत होते. मग त्यांनी म्हशीकडे पाहिलं. आपल्या हाफपँटचं भान येऊन त्यांनी कात्री पुढ्यात धरली.

"हे पाणी..." ते म्हणाले, "हे पाणी पोहण्यासाठी नाहीच मुळी. आमच्या सोसायटीने हे मुक्या जनावरांसाठी साठवलेलं आहे."

सभासदांच्या माना एकदम खाली आल्या.

"म्हणजे ही म्हैस?"

"ही... ही आमची पहिली लाभार्थी. तिच्याच हस्ते उद्घाटन ठेवलं होतं. बघा, शिंगाला फीतसुद्धा आहे."

"मग इतर जनावरांनाही येता येईल?"

"का नाही? फाटक सगळ्यांना उघडं आहे!"

शब्द तोंडातून गेला आणि कॅमेऱ्यातून घरोघरी पोचला. वाडीतल्या बाया तर घागरी, कळशा, हंडे घेऊन तासाभरातच हजर झाल्या. जनावरांसाठीच नेतोय म्हणाल्या, आणि कुणाचं जनावर कुठं बांधलंय हे विचारायची काकासाहेबांना सोय नव्हती. पाणी उतरत गेलं. पोट उघडं पडून उन्हाचा चटका बसला तशी ठकी उठली, उथळ बाजूच्या पायऱ्या महाराणीसारखी चढली, अंग झटकून सगळ्या कार्यकारिणीला अंघोळ घातली आणि कुणाकडेही न बघता वाडीच्या वाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकासाहेब चहाचा कप घेऊन बाल्कनीत आले, तर खाली बायपासपर्यंत धूळच धूळ. बैल, गाई, म्हशी, शेळ्या, आणि सगळ्यांच्या पुढे मेंढरांचा पांढरा लोंढा. ते घाईघाईने खाली उतरले. छावणीच्या माळावर कळप घेऊन उतरलेल्या सांडू नावाच्या मेंढपाळाने त्यांचे पायच धरले.

"साहेब, तुमास्नी टीव्हीवर बघितलं. मेंढरं पाण्यावाचून चालायची थांबली होती बघा. देवच भेटला."

काकासाहेबांनी पाय सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात एक बोकड त्यांची धोतरासारखी सुटलेली लुंगी चघळू लागला. पाठीमागे मोनिकाचा कॅमेरा होताच.

"अजिनाथ!" ते ओरडले. "अरे, अजिनाथ कुठंय?"

"त्याला तुम्हीच काढलाय की काल," मंजुळाबाई गर्दीतून म्हणाल्या.

"कोण म्हणतं? बोलवा त्याला! या जनावरांना आवरणार कोण, मी?"

अजिनाथ फाटकाबाहेरच, गणवेश घडी घालून काखेत मारून, उभा होता. त्याने तो तिथेच शर्टावरून चढवला. "मोठी जनावरं डावीकडं! मेंढरं मागं! ए, बोकड धर तुझा!" म्हणत त्याने अशी शिस्त लावली की वरच्या मजल्यांवरून लोक बघत राहिले.

आठवडाभर हे चाललं. रोज टँकर येत होता, रोज पूल रिकामा होत होता. शेवटी सभासद कडाडले. रविवारी काकासाहेबांनी जाहीर सांगायचं, की आजपासून हे बंद. काकासाहेबांनी भाषण घोकून ठेवलं. पण त्याच रविवारी शहरातलं एक प्राणिमित्र मंडळ शाल, श्रीफळ आणि बँड घेऊन येऊन ठेपलं. पुलाच्या काठावर खुर्च्या मांडल्या गेल्या. एका बाजूला सभासद, दुसऱ्या बाजूला वाडी आणि मधे, पाण्याच्या काठाने, रवंथ करणारी जनावरं. काकासाहेबांच्या खांद्यावर शाल चढली. आयुष्यात पहिल्यांदाच बँड त्यांच्यासाठी वाजला होता. ते माइकसमोर उभे राहिले, खाकरले.

"मंडळी, आज मला एक कटू निर्णय..." इथे ते थांबले. समोर सांडू हात जोडून बसला होता. मंजुळाबाईंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी जोरात टाळी वाजवली. वाडीने वाजवली. मग अख्ख्या आवाराने वाजवली. काकासाहेबांची छाती शालीत मावेना.

"निर्णय असा," ते गरजले, "की पाऊस पडेपर्यंत हे पाणी बंद होणार नाही!"

कडकडाट झाला. काकासाहेबांच्या पत्नीने कपाळाला हात लावला.

"नुसत्या पाण्याने काय होतंय? जनावराला चारा नको?" काकासाहेबांनी पुढे विचारलं.

"पायजे की!" वाडीतून आवाज उठला.

"मग चाऱ्याचंही आपण बघू! आमचं पार्किंग मोकळंच पडलंय!"

अजिनाथ घाबरून पुढे झाला. "आत्या, सभासद माझ्याकडं बघायलेत. थांबवू का टाळ्या?"

मंजुळाबाईंचे हात लाल झाले होते, पण त्या थांबल्या नाहीत.

"खबरदार थांबवशील तर! वाजव अजून. मानूस रंगात आलाय, वाडीला नळ जोडायचंबी हितंच उरकून घिऊ."